रुळवलेले पाय

कोर्टाच्या फाटकातल्या यंत्रानं मयूरी सनदीला अडवलं, आणि अडवलं ते तिच्या नवऱ्याच्या नावानं.

"अमर सनदी, जागेवर थांबा," भिंतीतला आवाज म्हणाला. बोलणं मोठं मऊ, पाहुण्यांना पंगतीला बोलवावं तसं. "आपण शिक्षा भोगत असलेले कैदी आहात. पोलीस येईपर्यंत हलू नका."

मयूरीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. अमर सनदी तर चार वर्षं तुरुंगात होता आणि त्याच्याच अपिलाचं काय झालं ते विचारायला ती येरळगावच्या हळदीच्या आवारातून तशीच धावत आली होती. अंगावर हळदीनं पिवळा झालेला ड्रेस, डोक्याला फडकं, कमरेला आणि मांड्यांना पोती वाहायची चौकट. हिला पाहून कुणाला सहा फुटी अमर कसा आठवावा? पण दोन हवालदार धावत आले ते काठ्या घेऊनच.

"नवरा कुठंय तुझा?" एकानं दरडावलं.

"तुमच्याच ताब्यात की! आता तुम्हीच हरवलात व्हय त्याला?"

त्यांनी तिला चौकट उतरवून पुन्हा फाटकातून चालवलं. यंत्र जरा घुटमळलं आणि 'ओळख पटत नाही' म्हणून गप्प बसलं. चौकट चढवून चालवलं, की लगेच 'अमर सनदी, जागेवर थांबा.' दुसरा हवालदार पोट धरून हसायला लागला. मयूरीला हसू येईना. याच यंत्राच्या शब्दावर तिच्या नवऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली होती. आणि हे येडं यंत्र आज तिलाच नवरा म्हणत होतं!

हा प्रकार वरच्या गॅलरीतून बघत असलेली नसीमा मुजावर तरातरा जिना उतरून आली. ही अमरची वकील. सरकारनं फुकट नेमून दिलेली, पण फी घेणाऱ्यांपेक्षा चार पावलं जास्त धावणारी बाई.

"मयूरी, ही चौकट कुणाची?"

"माझीच की, ताई."

"तुझ्या अगोदर कुणी घातली होती?"

मयूरीनं ओठ मिटून घेतले. टोळीबाहेरच्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, हे तिला हमाल झाल्याच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नसीमाताईंनी तिचा दंड धरला आणि तिला वर ऑफिसात नेऊन दार लावून घेतलं.

"हे बघ, तुझ्या गप्प बसण्यानं माझा अशील आतच राहणार आहे. बोल."

आणि मयूरी बोलली.

ती काय बोलली ते कळायला दोन यंत्रं समजून घ्यावी लागतील. घाबरू नका, अवघड काही नाही.

पहिलं यंत्र म्हणजे चालवाचक. चोराला तोंड झाकता येतं, हातमोजे घालता येतात, आवाज बदलता येतो. चाल काही लपवता येत नाही. गुडघा कुठल्या क्षणी वाकतो, टाच आधी टेकते की चवडा, कंबर किती झुलते, एका पावलातून दुसऱ्यात जायला किती वेळ लागतो, हे सगळं कॅमेरा मोजतो आणि माणसामाणसाचा वेगळा नमुना काढून ठेवतो. लंगडायचं सोंग केलं तरी त्या सोंगाखाली मूळची चाल असतेच. बँका, विमानतळ, कोर्टं, सगळीकडं हे यंत्र बसलं होतं आणि बहुतेक वेळा ते खरंच बोलायचं. म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसला.

दुसरं यंत्र हमालांचं. कंपनीनं त्याला नाव दिलं होतं 'पाठबळ', हमाल त्याला नुसतं चौकट म्हणत. कमरेला पट्टा, मांड्यांना दोन पट्ट्या, खुब्यापाशी आणि गुडघ्यापाशी छोट्या मोटरी. नवी चौकट पहिले तीन आठवडे जोर लावतच नाही, नुसती शिकते. घालणारा पाऊल कसं उचलतो, भार घेतल्यावर गुडघा कधी सरळ करतो. एकदा शिकली की प्रत्येक पावलाच्या आधी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, ती ढकलते, आणि पाठीवरचं पोतं फुलासारखं होतं. या चौकटीमुळंच आवारात बायका हमाल झाल्या. नवरा आत गेल्यावर त्याची चौकट आपल्या मापाला आवळून मयूरीही त्यामुळंच हमाल होऊ शकली.

कंपनीची अट होती, की ज्याची चौकट त्यानंच ती शिकवायची. टोळीला हे पटेना. ज्याची चालच वाकडीतिकडी, त्याची चौकटही वाकडीतिकडी शिकते आणि महिन्याभरात कंबर धरते. सगळ्या आवारात सरळ, तोलदार चाल एकाच माणसाची, अमरची. मग रीत पडली. नवी चौकट आली की आधी तीन आठवडे ती अमरनं घालायची आणि मग ज्याची त्याला द्यायची. याला टोळीत 'चौकट रुळवणं' म्हणत. नवी चप्पल थोरल्या भावानं घालून सैल करून द्यावी, तसाच प्रकार. पण चप्पल पायाला ढकलत नाही, चौकट ढकलते. ती अमरच्या वेळेला ढकलायची, अमरच्या मापानं ढकलायची, आणि घालणाऱ्याचे पाय आठ-पंधरा दिवसांत निमूट तिचं ऐकायला लागायचे. यंत्र अमरकडून शिकलं आणि टोळी यंत्राकडून. आवारातली चाळीस माणसं अमर सनदीच्या पायांनी चालत होती आणि त्यांतल्या कुणालाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

कंपनीला कळलं असतं तर चौकटी जप्त झाल्या असत्या. म्हणून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

"अगं बाई," नसीमाताई खुर्चीत मागं टेकल्या. "आणि हे खटल्यात कुणी बोललं नाही?"

"मामांनी नको म्हणून सांगितलं हुतं."

मामा म्हणजे टोळीचा मुकादम सर्जेराव खोत, अमरचा सख्खा मामा. अमरचे आईवडील लहानपणीच गेले, त्याला वाढवलं मामानं, कामाला लावलं मामानं, लग्नात मुंडावळ्या बांधल्या त्याही मामानं. पोलिसांनी अमरला धरलं तेव्हा मामा लॉकअपच्या गजांना धरून म्हणाला होता, "पोरा, चौकटीचं बोलू नको. चाळीस घरांच्या चुली इझतील. अपिलात सुटशील तू, तवर तुझं घर मी बघतो." अमर गप्प बसला. आणि मामानं शब्द पाळला. दर महिन्याला जोंधळ्याचं पोतं, तेलाचा डबा, दिवाळीला साडी. मयूरी त्याच्या पाया पडायची.

नसीमाताईंनी कपाटातून पडदा काढला. "तू ती फिल्म पाहिली आहेस का? गोदामातली?"

"न्हाई. माझ्यानं बघवलं नसतं."

"आता बघ. हे पाय तुझ्या नवऱ्याचे वाटतात का सांग."

गोदाम हळदीच्या अर्काचं होतं. हा अर्क औषधाला जातो, शीतगृहात ठेवतात आणि एकेका डब्याची किंमत ऐकून आपल्यासारख्यांना घाम फुटतो. चार वर्षांपूर्वी हमालाची चौकट चढवलेल्या, तोंड बांधलेल्या एका माणसानं राखणदार इरगोंडाला मागून धरलं, शीतगृहात ढकलून बाहेरून कडी घातली आणि डबे खांद्यावरून नेऊन गाडीत भरले. इरगोंडा सकाळी सापडला तेव्हा जिवंत होता, पण पायाची बोटं कापावी लागली. पोलिसांना संशय टोळीचा. त्यांनी सगळ्यांना चौकटी उतरवून चालवलं, म्हणजे खरी चाल कळावी. झालं! ज्याची ती मूळची चाल, तो एकटा अमर जुळला. जबरी चोरी एक, माणसाला अन्यायानं कोंडून ठेवणं दोन, दोन्ही गुन्हे शाबीत. तेव्हापासून इरगोंडा बाजारात मयूरी दिसली की थुंकायचा.

पडद्यावर तोंड बांधलेला माणूस डबा घेऊन चालत होता. पाय पाहून मयूरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तीच चाल. लग्नानंतर पहिल्यांदा जत्रेत ती ज्याच्या मागून चालली होती, त्याची.

मग तिचं लक्ष वर गेलं.

उजव्या खांद्यावर डबा होता. डावा हात मोकळा लोंबत होता आणि त्या हाताचा अंगठा हलत होता. एक डबा नेला की करंगळीच्या पहिल्या पेरावर. पुढचा नेला की दुसऱ्या पेरावर. आवारात पोती मोजायचं काम मुकादमाचं. पोतं समोरून गेलं की त्याचा अंगठा एक पेर सरकतो, तोंडानं तो तुमच्याशी गप्पा मारत असला तरी. हमालाला ही सवय नसते, त्याला मोजायचंच नसतं. चाळीस माणसांच्या टोळीत असा अंगठा एकच होता. त्याच हातानं तिच्या दारात दर महिन्याला जोंधळ्याचं पोतं ठेवलं होतं.

"काय झालं?" नसीमाताईंनी विचारलं. सगळ्या जगानं चार वर्षं त्या फिल्ममधले पायच बघितले होते, कारण यंत्रानं पायच बघायला सांगितले होते. त्याही पायच बघत होत्या.

"काही न्हाई," मयूरी म्हणाली. "पाणी द्या जरा."

तळपायाची आग मस्तकाला गेली होती. चार वर्षं! चार वर्षं तिनं त्या माणसाच्या पाया पडून त्याच्या जोंधळ्याच्या भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा घरी आला. फाटकातली गंमत गावभर झाली होती. तो ओसरीवर टेकला, तिनं चहा दिला. कप धरलेल्या त्याच्या हाताकडं तिनं बघितलं नाही, बघितलं असतं तर कप त्याच्या तोंडावर फेकला असता.

"मयू, वकिलीणबाईला काय सांगितलंस?"

"सगळं. अर्जबी झालाय, मामा. कोर्ट टोळीतल्या सहा जणांना चौकटी घालून चालवणार हाय. चौकटी घेऊन तुमालाच बोलावलंय, मुकादम म्हणून."

मामाचा चेहरा काळवंडला. कंपनी, चौकटी, चाळीस चुली, असं तो थोडा वेळ पुटपुटत राहिला. मग काहीतरी हिशेब त्याच्या डोक्यात बसला असावा, कारण तो हळूहळू सैल झाला आणि चक्क हसला.

"म्हंजे सगळेच अमर निघणार म्हण की. मग धरतील कुणाला? चाळीसातला कोण, ते देवालाबी सांगता यायचं न्हाई." त्यानं चहा संपवला. "बरं झालं बघ. पोरगं सुटंल आपलं."

आपलं म्हणे! मयूरीनं कप उचलून आत नेला आणि मोरीत आपटून फोडला. मामाला म्हणाली, हातातून निसटला.

मुलाखतीच्या दिवशी ती अमरला भेटायला गेली. काचेपलीकडं तो वाळून काटकुळा झाला होता, पण फाटकाची गोष्ट ऐकून लहान पोरासारखा हसला. "म्हणजे तू माझ्या पायांनी चालतीस?"

"चार वर्षं," ती म्हणाली. "अहो, खटल्यात तुमी ती फिल्म बघितली हुती ना?"

"बघितली."

"मग हात बघितला असंल."

कुठला हात, असं त्यानं विचारलं नाही. त्याचं हसू विझलं आणि तो खाली बघायला लागला. मयूरीला वाटलं होतं, ही बातमी ऐकून तो काचेवर मुठी आपटेल, शिव्या घालील. तो तर गप्प!

"तुमाला ठावं हुतं."

"मामानं वाढवलंय मला, मयूरी. आईबापाच्या जागी हाय तो. त्यानं लोभ केला, चुकला. पण माझ्या तोंडातनं त्याचं नाव निघायचं न्हाई."

"आणि मी? मी कुणाच्या जागी हाय? त्यानं आणून दिलेलं मी खात हुते, तुमाला ठावं हुतं, आन् तुमी मला खाऊ दिलंत!"

"तुझी आबाळ हुऊ नये म्हणून..."

"इरगोंडा माझ्या तोंडासमोर थुकतो. त्या माणसाची बोटं गेली. ती कुणाच्या लोभापायी?"

अमरनं मान वर केली. डोळे ओले होते, पण आवाज घट्ट. "ऐक. सहा जणांनी चालून मी सुटत असंन तर सुटू दे. मामाचं नाव तू घेतलंस तर मी सुटून बाहेर आलो तरी तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई. सांगून ठेवतो."

ती तिथून निघाली ती थेट नसीमाताईंकडं, आणि अंगठ्याचं सगळं सांगितलं. ताईंनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "मयूरी, मी अमरची वकील आहे. तुझी नाही. त्याचा निरोप मला आत्ताच आलाय, की कुणाचंही नाव घ्यायचं नाही. मी त्याच्याविरुद्ध जाऊ शकत नाही. आणि त्याला सोडवायला नावाची गरजही नाही. चाळीस जणांची चाल एक आहे एवढं दाखवलं की शंका तयार होते, आणि शंकेचा फायदा त्याचा."

"म्हणजे मामा मोकळाच?"

"माझं काम अपील जिंकणं आहे."

"बरं," मयूरी म्हणाली. "मग माझं काम मी बघते."

तिला अमर घरी हवा होता. चार वर्षं ती त्याच एका गोष्टीसाठी जगली होती. आणि आता तो घरी यायचा मार्ग सरळ समोर होता. तोंड मिटून सहा जणांबरोबर चालायचं, बस. कुणीही शहाणी बाई तेवढंच करती. पण डोळे मिटले की तिला मामाचं ते हसू दिसायचं, 'धरतील कुणाला?' म्हणतानाचं, आणि तिच्या डोक्यात तिडीक जायची. नवरा परत नाही आला तरी चालेल, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. ती स्वतःलाच घाबरली. पण विचार काही गेला नाही.

चाचणी कोर्टाच्या मागच्या पटांगणात ठेवली होती. न्यायाधीश बाई स्वतः व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या. शेजारी सरकारी वकील, नसीमाताई, प्रयोगशाळेचे तज्ज्ञ देवधर. देवधरांनी मोठा पडदा दोन भागांत वाटला होता. डाव्या बाजूला गोदामातली जुनी फिल्म, उजव्या बाजूला आता चालणारा माणूस, म्हणजे ताडून बघायला बरं. त्यांनीच चार वर्षांपूर्वी अमरविरुद्ध साक्ष दिली होती आणि हे बाईंना सांगताना त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "चौकट मालकाची चाल घेते हे मला ठाऊक होतं. ती दुसऱ्याला देतात हे ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "मला हे तपासायला आवडेल." अमरला बेड्या घालून कडेला बसवलं होतं. काठी टेकत इरगोंडाही आला होता.

सहापैकी पाच जण आले. सहावी तेजू, मयूरीची मैत्रीण, आलीच नाही. तिच्या पोटात दुखत होतं म्हणे. तिच्या पोटात का दुखत होतं ते मयूरीला चांगलं माहीत होतं, दुखायला तिनंच सांगितलं होतं.

"सहावं कोण?" शिरस्तेदारानं विचारलं.

"मुकादम हायत की," मयूरी म्हणाली. "टोळीची जादा चौकट त्यांच्याच खोलीत असती. अमरनंच रुळवलेली."

सगळ्यांसमोर मामा नाही कसं म्हणणार? आणि त्याला भीती कसली? चाळीसातला एक! त्यानं पट्टा आवळला आणि रांगेत उभा राहिला.

"साहेब, एक विनंती हाय," मयूरीनं बाईंना हात जोडले. "हमालाची पावलं मोजणीबिगर पडत न्हाईत. मी चालून झाले की मोजणी देऊ का?" बाईंनी मान हलवली.

आधी मयूरी चालली. 'अमर सनदी,' यंत्र म्हणालं. मग बाकीचे चार जण, एकामागून एक, खांद्यावर डबे घेऊन. 'अमर सनदी. अमर सनदी.' एकजण तर बुटका, गोलमटोल. त्यालाही 'अमर सनदी' म्हटल्यावर सरकारी वकीलसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसले. नसीमाताईंचा चेहरा उजळला. अपील तिथंच जिंकल्यासारखं होतं.

शेवटी मामा. एकेक डबा उचलायचा, पटांगणाच्या पलीकडं ठेवायचा, परत यायचं. मयूरी मोजत होती, "एक... दोन... तीन..." मामाचा डावा हात सैल लोंबत होता, अंगठा निवांत. दुसरं कुणी मोजत असताना मुकादम कशाला मोजेल? यंत्र म्हणालं, 'अमर सनदी.' मामा गालातल्या गालात हसला. चौथा डबा गेला.

"तीन," मयूरी मोठ्यांदा म्हणाली.

मामानं तिच्याकडं चमकून बघितलं, पण चालत राहिला. पाचवा डबा गेला.

"चार... न्हाई न्हाई, तीनच."

ज्याचं आयुष्य पोती मोजण्यात गेलं त्याच्या कानात चुकीची मोजणी घालून बघा एकदा! मामाच्या डाव्या हाताचा अंगठा टुणकन करंगळीवर गेला, तिथून पेरं चढत अनामिकेवर आला, आणि सहावा डबा खांद्यावर घेता घेता तो ओरडला, "अगं, पाच झाले! हा सहावा!" पुढच्या प्रत्येक डब्याला अंगठा एकेक पेर सरकत राहिला. आता तो थांबणार नव्हता.

मयूरी गप्प झाली. तिनं बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. ती नुसती पडद्याकडं बघत राहिली.

"एक मिनिट," न्यायाधीश बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "देवधर, दोन्ही फिल्म थांबवा. आता पुन्हा लावा. पाय नको. डावे हात मोठे करून दाखवा."

देवधरांनी दाखवले. एका बाजूला हातमोज्यातला अंगठा करंगळीवरून वर सरकत होता, दुसऱ्या बाजूला उघडा. देवधर पडद्याजवळ गेले. "चौकट कमरेखाली असते," ते सावकाश म्हणाले. "कमरेवरचा माणूस ज्याचा त्याचाच राहतो. आम्ही तो मोजलाच नाही." मग टोळीतल्या त्या बुटक्या हमालाच्या तोंडून निघून गेलं, "आयला, मुकादम!"

मामाच्या खांद्यावरचा डबा खाली पडला. इरगोंडा काठी उगारून पुढं धावला, त्याच्या त्या लंगड्या, हाल झालेल्या चालीनं, आणि दोन हवालदारांनी त्याला धरलं नसतं तर त्यानं मामाचं डोकंच फोडलं असतं. मामा मयूरीकडं बघत होता.

"मयू, म्यां तुला पोटच्या पोरीसारखं..."

"म्हणूनच," मयूरी म्हणाली. "म्हणूनच तुमाला सोडलं न्हाई."

तिला आनंद झाला. लपवायचं काय त्यात? चार वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. कडेला अमर बेड्या घातलेल्या हातांत तोंड लपवून बसला होता. तेवढं मात्र तिनं बघितलं नाही.

निकाल लागला. दोन्ही गुन्ह्यांतली शिक्षा रद्द, अमर सनदी निर्दोष. सर्जेराव खोतला अटक. कंपनीची गाडी आली आणि चाळीस चौकटी भरून घेऊन गेली. आवार बंद पडलं नाही, पण बायका घरी बसल्या आणि पुरुष पूर्वीसारखे वाकून पोती वाहू लागले. नळावर तेजूसुद्धा मयूरीशी बोलेना. मामी दारात येऊन छाती पिटून गेली. "चार वर्षं आमचं खाल्लंस गं, कुठं फेडशील?"

"कोर्टात फेडलंय की," मयूरी आतून म्हणाली.

अमर सुटला तो घरी आला नाही. मामीकडं राहिला. तिनंही निरोप धाडला नाही. रात्री उशी ओली व्हायची, पण पटांगणातला तो दिवस परत आला असता तर तिनं पुन्हा तेच केलं असतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

मग एका दुपारी तो आला. ओसरीच्या पायरीखाली उभा राहिला, वर चढला नाही. हातात कोर्टाचा कागद होता.

"हे समन्स आलंय. मामाच्या खटल्यात सरकारतर्फे साक्षीदार म्हणून." त्यानं कागद पुढं केला. "मला फिल्ममधला हात ओळखू आला हुता, हे कोर्टाला कुणी सांगितलं?"

"मी."

"मयूरी, त्या जागी उभं राहून मामाचं नाव माझ्या तोंडनं... मी न्हाई बोलणार."

"शपथ घालतात तिथं. इरगोंडा समोर बसणार हाय. मीबी बसणार हाय. गप्प बसायचं तर त्याच्या तोंडाकडं बघून गप्प बस." आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे करत होती आणि तिला ते जडही जात नव्हतं. "चार वर्षं त्याला वाचवायला गप्प बसलास. मला विचारलंस? आता बोल. सगळ्या गावासमोर बोल."

ऊन डोक्यावर आलं होतं, आणि आत तव्यावर भाकरी होती.

"तू माझ्यावर सूड उगवतीयास," तो म्हणाला.

"व्हय," मयूरी म्हणाली. "ये आत, जेवून घे. सकाळी कोर्टात जायचंय आपल्याला."